वाचकांचे प्रश्न : कंपनीने दिलेला समुपदेशक नेमका कोणाचा?

गेल्या काही महिन्यांत इंदूर आणि पीथमपूर भागातील वाचकांकडून कामाच्या ठिकाणच्या समुपदेशनाविषयी बरीच पत्रे आली आहेत. त्यांपैकी चार पत्रे या वेळी घेतली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

प्रश्न : आदरणीय ताई, मी पीथमपूरला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात उत्पादन विभागाचा सुपरवायझर आहे. राहायला सुदामा नगरात असल्याने रोज कंपनीच्या बसने जाणे-येणे असते. पाच-सहा महिन्यांपासून रात्री दोन-अडीचला जाग येते ती येतेच, मग सकाळपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही आणि शिफ्ट सुरू होण्याआधीच छातीत धडधडू लागते. हृदयाच्या तपासण्या झाल्या, त्यांत काही निघाले नाही. दिवाळीनंतर एचआरने नोटीस बोर्डावर पत्रक लावले : ‘कर्मचारी साहाय्य योजना. समुपदेशकाशी सहा सेशन मोफत. सर्व काही गोपनीय.’ पत्नी म्हणते, फोन करून तर बघा. पण उद्या अप्रेझलच्या वेळी ‘याला टेन्शन झेपत नाही’ असे कोणी म्हटले तर काय करायचे? शिवाय कामाबद्दल मी हिंदीत बोलेन, आईच्या आजारपणाबद्दल बोलायचे तर मला मराठीच हवी. फोन करावा का?

उत्तर : फोन करावा, असे माझे मत आहे. मात्र त्याआधी काही गोष्टी विचारून घ्याव्यात, आणि त्या का विचारायच्या हे कळण्यासाठी या योजनेत पैसा आणि कागद कसा फिरतो ते समजून घ्यावे लागेल.

बहुतेक कंपन्या समुपदेशकाला स्वतः नोकरीवर ठेवत नाहीत, तर बाहेरच्या एखाद्या संस्थेशी वर्षाचा करार करतात. पुष्कळ करारांत दर कर्मचाऱ्यामागे वर्षाला ठरावीक रक्कम दिली जाते. मग फोन दहाजणांनी केला काय किंवा शंभरांनी केला काय, रक्कम तीच राहते. काही करारांत मात्र जितकी सेशन झाली तितक्यांचेच बिल लागते. हा फरक हिशेबनिसाच्या कामाचा वाटेल, पण आपल्या भीतीशी त्याचा थेट संबंध आहे. बिल सेशनागणिक येत असेल तर कंपनीत ते तपासायला कोणीतरी बसतो आणि ही सेशन खरोखर झाली कशावरून, असे विचारतो. त्या वेळी संस्था कर्मचारी क्रमांक दाखवते की स्वतःचा सांकेतिक क्रमांक, यावर आपले नाव झाकलेले राहते की नाही हे ठरते.

दुसरा कागद म्हणजे तिमाही अहवाल. किती फोन आले, पुरुष किती, स्त्रिया किती, वयोगट कोणते, कारणे कोणती (घरगुती तंटे, कर्ज, कामाचा ताण, झोप, व्यसन) आणि कोणत्या प्लांटमधून किती, एवढेच त्यात असते आणि नाव कुठेही नसते. पण समजा, एखाद्या प्लांटच्या ओळीत ‘पुरुष, ४५ ते ५० वर्षे, सुपरवायझर श्रेणी : १’ असे छापून आले, तर नाव लिहिण्याची गरजच उरत नाही. जबाबदार संस्था ठरावीक किमान संख्येपेक्षा लहान आकडा असलेली ओळ दाखवतच नाहीत आणि तो आकडा एकूण बेरजेत मिसळून टाकतात. तेव्हा फोन लागताच, आपले नाव सांगण्याआधी विचारावे : नोंदणीसाठी माझा कर्मचारी क्रमांक लागतो की कंपनीचा कोड पुरतो? लहान विभागातल्या एकट्या माणसाची आकडेवारी अहवालात वेगळी दिसते का? माझ्याबद्दलच्या टिपणांवर हक्क कोणाचा, आणि कंपनीने उद्या दुसऱ्या संस्थेशी करार केला तर ती टिपणे कुठे जातात? पलीकडचा माणूस यांची उत्तरे सरळ देत असेल तर पुढे बोलावे. ‘ते सगळे कॉन्फिडेन्शिअल असते सर’ एवढेच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला, तर फोन ठेवायला हरकत नाही.

पहिल्या संभाषणात बहुधा उपदेश नसतो, प्रश्नच असतात. झोप किती, भूक कशी, औषधे कोणती चालू आहेत, दारू-तंबाखू किती, घरात कोण कोण आहे, आणि अगदी शांतपणे विचारलेला एक प्रश्न : जगू नये असे कधी मनात येते का? या प्रश्नाने दचकू नये. तो प्रत्येकाला विचारायचा असतो आणि जो समुपदेशक तो विचारत नाही, त्याच्या तयारीबद्दल मला शंका येते. पहिल्या सेशनआधी संमतिपत्र वाचायला मिळाले पाहिजे. गोपनीयता कुठे संपते ते त्यात लिहिलेले असते. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असणे आणि न्यायालयाचा आदेश असणे हे अपवाद सगळीकडे आढळतात आणि ते रास्तही आहेत. ‘सुरक्षेच्या दृष्टीने आवश्यक वाटल्यास नियोक्त्याला माहिती देण्यात येईल’ अशी ऐसपैस ओळ दिसली, तर मात्र कोणाला आवश्यक वाटल्यास आणि कोणती माहिती, हे लिहून मागावे. प्रेस, भट्टी किंवा क्रेन असलेल्या कारखान्यात अशी ओळ घालण्यामागे खरे कारण असू शकते, पण तिची हद्द आखलेली हवी.

कायद्याचा आधार काय, असे आपण विचाराल. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे आणि त्याच्या कलम २३ मध्ये मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला आपले आरोग्य व उपचार यांबाबत गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे. परंतु झोप उडालेल्या, एरवी कामावर नियमित येणाऱ्या माणसाचे समुपदेशन त्या व्याख्येत बसते की नाही, यावर वकील दोन्ही बाजूंनी बोलू शकतील. म्हणूनच मी कायद्याच्या कलमापेक्षा हातातल्या संमतिपत्रावर अधिक भर देते.

आणखी एक साधी गोष्ट लोक विसरतात. कंपनीच्या ईमेलवरून नोंदणी करू नये, कंपनीच्या लॅपटॉपवर व्हिडिओ सेशन घेऊ नये आणि कंपनीच्या बसमधून तर मुळीच बोलू नये. संस्थेने गुपित कितीही राखले, तरी मागच्या सीटवरचा सहकारी त्या करारात नसतो.

मराठीबद्दल म्हणाल तर संकोच न करता मागावी. आपण इंदूरहून बोलतो आहोत म्हणून समोरचा हिंदीच गृहीत धरेल, पण ही सेवा बहुतांशी फोनवर असते आणि देशव्यापी संस्थेला महाराष्ट्रातला समुपदेशक जोडून देणे अवघड नसते. त्यासाठी दोन-तीन दिवस थांबावे लागले तरी थांबावे.

सहा सेशनमध्ये काय होते, हेही जाणून असावे. झोपेचे वेळापत्रक, चिंतेचे चक्र, घरातल्या आजारपणाचा भार कसा वाटून घ्यायचा, यावर तेवढ्यात बरेच काम होऊ शकते. जुने दुखणे असेल किंवा औषधाची गरज असेल तर संस्था बाहेरच्या मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवते आणि तिथला खर्च आपला असतो. औषध फक्त डॉक्टर देऊ शकतो, आणि मानसोपचारतज्ज्ञ हा डॉक्टरच असतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वसन परिषदेकडे असते. नुसते ‘समुपदेशक’ म्हणवून घ्यायला मात्र आपल्याकडे फारसा अडसर नाही, म्हणून पात्रता विचारण्यात उद्धटपणा काही नाही. आणि हृदयाच्या तपासण्यांबरोबर थायरॉइडची रक्ततपासणी झाली नसेल, तर ती या आठवड्यातच करून घ्यावी. धडधड आणि निद्रानाश तिथूनही येतात.

प्रश्न : मी विजय नगर भागातील एका आयटी कंपनीत काम करते. टीम लीड सगळ्यांसमोर ओरडतात, रात्री अकराला मेसेज टाकून सकाळी नऊला काम मागतात. दोन वेळा माझ्या कपड्यांवरही शेरे मारून झाले. एचआरकडे तोंडी सांगितले तेव्हा मॅडम म्हणाल्या, ‘तुला बर्नआउट झालेला दिसतो, आपली ईएपी (कर्मचारी साहाय्य योजना) आहे ना, तिथे बोल.’ मी तीन सेशन घेतली. समुपदेशक बाई चांगल्या आहेत, त्यांनी श्वासाचे व्यायाम आणि ‘नाही’ कसे म्हणावे हे शिकवले. पण परवा टीम लीडनीच विचारले, ‘सेशन चालू आहेत ना?’ त्यांना कसे कळले? आणि मी पुढची सेशन घेऊ की नको?

उत्तर : सेशन घ्यावीत, त्यांचा उपयोग होत असेल तर अवश्य घ्यावीत, पण आपल्या तक्रारीचे उत्तर म्हणून त्यांच्याकडे पाहू नये. येथे दोन वेगळी कामे एकाच खिडकीत ढकलली गेली आहेत. आपली झोप, आपला धीर, आपली चिडचिड हे समुपदेशनाचे काम आहे. टीम लीडचे वर्तन हे व्यवस्थापनाचे काम आहे आणि श्वासाच्या कोणत्याही व्यायामाने रात्री अकराचा मेसेज थांबणार नाही.

‘बर्नआउट’ हा शब्द त्यांनी वापरलाच आहे, तर त्याची व्याख्या त्यांच्यासमोर ठेवण्यासारखी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आपल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउटला आजार मानलेले नाही. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण नीट हाताळला न गेल्याने उद्भवणारी, व्यवसायाशी निगडित स्थिती असे तिचे वर्णन केले आहे. कारण कामाच्या ठिकाणी आहे, असे व्याख्याच सांगते. सप्टेंबर २०२२ मध्ये याच संघटनेने कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्याविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांतही वैयक्तिक साहाय्याबरोबर कामाच्या रचनेत बदल आणि व्यवस्थापकांचे प्रशिक्षण सांगितले आहे. आपल्याकडच्या पुष्कळ कंपन्यांनी त्यांतले सर्वांत स्वस्त तेवढे उचलले.

हा पेच जुना आहे. शिकागोजवळच्या हॉथॉर्न येथील वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या कारखान्यात १९३६ साली समुपदेशक नेमले गेले. ते कामगारांमध्ये फिरत, गाऱ्हाणी मन लावून ऐकत, आणि ऐकलेले वर सांगायचे नाही हा त्यांचा नियम होता. पण त्यामुळेच ऐकलेल्यातले काही बदलण्याचा अधिकारही त्यांना नव्हता. गाऱ्हाण्याची वाफ दवडून मूळ प्रश्न जागच्या जागी ठेवण्याची ही युक्ती आहे, अशी टीका तेव्हाच झाली. तो उपक्रम वीसेक वर्षांनी बंद पडला. टीका मात्र आजही गैरलागू झालेली नाही.

आता कपड्यांवरच्या शेऱ्यांबद्दल. हे शेरे २०१३ च्या कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याखाली येऊ शकतात. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक कार्यालयात अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे आणि शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांच्या आत तिच्याकडे लेखी तक्रार करावी लागते. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. एचआरला तोंडी सांगणे किंवा समुपदेशकाला सांगणे म्हणजे ही तक्रार नव्हे, आणि आपण सेशन घेत असलात म्हणून ही मुदत थांबत नाही. माझ्या दृष्टीने आपल्या पत्रातली सर्वांत तातडीची गोष्ट हीच आहे. तारीख, वेळ, शब्द आणि तिथे कोण हजर होते, हे आजच कागदावर उतरवून ठेवावे. ‘आपसात मिटवा’ असा आग्रह झाला तर लक्षात असू द्यावे, की चौकशीपूर्वीचा समेट फक्त तक्रारदार महिलेच्या विनंतीवरूनच होऊ शकतो आणि त्यात पैशाचा व्यवहार चालत नाही.

टीम लीडना कसे कळले, याचा मार्ग बहुधा समुपदेशक बाईंपर्यंत जात नसेल. अशा योजनांत येण्याचे दोन रस्ते असतात. कर्मचारी स्वतः फोन करतो तेव्हा कंपनीला काहीच कळू नये. वरिष्ठ किंवा एचआर लेखी पाठवते तेव्हा मात्र कर्मचारी आला की नाही, एवढे त्याच्या संमतीने कळवण्याची पद्धत असते; काय बोलणे झाले हे तेव्हाही कळवायचे नसते. एचआर मॅडमनी आपले नाव दुसऱ्या रस्त्याने पाठवले असावे किंवा टीम लीडजवळ सहज बोलून गेल्या असाव्यात. पुढच्या सेशनला समुपदेशकांनाच विचारा, की माझी नोंद कोणत्या प्रकारात झाली आहे आणि मी कशावर सही केली आहे. दुसऱ्या प्रकारात असेल तर ती संमती लेखी मागे घेता येईल का, हेही विचारा.

प्रश्न : माझा मुलगा पुण्याच्या कंपनीचे काम इंदूरला घरी बसून करतो. दिवसभर खोलीबाहेर येत नाही, जेवायला हाका माराव्या लागतात. कंपनीची मदत आई-वडिलांना घेता येते का? (रामबाग)

उत्तर : पुष्कळ योजनांत पती, पत्नी आणि मुले यांचा समावेश असतो, काही योजनांत आई-वडिलांचाही, ते कंपनीच्या पत्रकात लिहिलेले असते आणि मुलालाच विचारावे लागेल. आपला समावेश नसला तरी अडून राहू नये. टेली-मानस ही भारत सरकारची सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली असून १४४१६ या क्रमांकावर ती चोवीस तास आणि मोफत आहे. भाषा निवडताना मराठी निवडता येते. ‘माझ्या मुलाशी बोला’ असे म्हणण्याऐवजी ‘मी त्याच्याशी कसे बोलू’ असे विचारावे, म्हणजे फोन आपल्या उपयोगाचा होईल. तो जीव नकोसा झाल्याची भाषा करत असेल तर फोनवर न थांबता त्याला सोबत घेऊन एम. वाय. रुग्णालयाच्या किंवा जवळच्या कोणत्याही मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे.

प्रश्न : सांवेर रोडवर आमचा पत्रा-कामाचा लहान कारखाना आहे, साठेक कामगार आहेत. प्रेसवरचा एक जुना कारागीर, माझ्या वडिलांच्या वेळेपासूनचा, हल्ली सकाळीच पिऊन येतो. मी त्यांना ‘काका’ म्हणतो. काढून टाकवत नाही आणि ठेवायची भीती वाटते. मोठ्या कंपन्यांसारखी योजना आम्हाला परवडणारी नाही. काय करावे?

उत्तर : सुरुवात आज प्रेसपासून करावी. वास येत असेल, पाय ठरत नसतील, तर त्यांना त्या दिवशी यंत्रावर उभे करू नये आणि घरी एकटे, विशेषतः दुचाकीवरून, पाठवू नये. यात नात्याची भीड आड येऊ देऊ नये, कारण बोटे गेली तर ती काकांची जातील.

कर्मचारी साहाय्य योजनांचा उगमच मुळी दारूच्या प्रश्नातून झाला. अमेरिकेत १९४० च्या दशकात काही मोठ्या उद्योगांनी पिणाऱ्या कामगारांना कामावरून काढण्याऐवजी उपचाराला पाठवण्याचे कार्यक्रम सुरू केले. घरगुती, आर्थिक आणि मानसिक अडचणी त्यांत नंतर, मुख्यतः १९७० च्या दशकात, आल्या. त्या काळापासून टिकलेला एक धडा आपल्या उपयोगाचा आहे : वरिष्ठाने निदान करू नये, कामाबद्दल बोलावे. ‘काका, तुम्ही दारूडे झालात’ असे म्हटले की ते नाकारतील, रडतील किंवा आठ दिवस कामावर येणार नाहीत. त्याऐवजी सकाळच्या वेळी, ते शुद्धीत असताना, बंद खोलीत आणि शक्य तर त्यांच्या घरच्या एका माणसाला बरोबर घेऊन, हजेरीपत्रक समोर ठेवावे. या महिन्यात इतक्या दिवशी उशीर, इतके तुकडे बाद, या तारखेला गार्ड न लावता प्रेस चालवली. मग सांगावे : नोकरी शाबूत आहे, उपचाराच्या काळाची रजा मिळेल, पण उपचार घेतल्याशिवाय यंत्रावर परतता येणार नाही. दोन्ही वाक्ये एकाच बैठकीत आणि लेखी द्यावीत. नुसती दया दाखवली तर पिणे चालू राहते, नुसता धाक दाखवला तर ते लपून होते.

योजना परवडत नाही म्हणता, पण तिचा निम्मा भाग आपण आधीच भरत असाल. दहा किंवा अधिक कामगारांच्या कारखान्याला कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) लागू होतो आणि ज्याचे मासिक वेतन २१,००० रुपयांपर्यंत आहे तो कामगार त्यात येतो. काकांचे कार्ड चालू असेल तर नंदानगरच्या ईएसआय रुग्णालयात त्यांची तपासणी होऊ शकते. वेतन त्याहून अधिक असेल तर बाणगंगेचे शासकीय मानसिक रुग्णालय आहे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही राष्ट्रीय मदतवाहिनी मोफत आहे. साठ कामगारांच्या कारखान्याला कल्याण अधिकारी नेमण्याचे बंधन नाही (१९४८ च्या कारखाने अधिनियमात ती मर्यादा ५०० कामगारांची होती, २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने ती २५० वर आणली), तरी सांवेर रोडवरच्या दहा-बारा शेजारी कारखानदारांनी मिळून आठवड्यातून एक दिवस समाजकार्याची पदवी असलेली एखादी व्यक्ती बोलावली तर खर्च वाटला जाईल. १९५१ पासून समाजकार्य शिकवणारी संस्था इंदूरमध्येच आहे, तेव्हा माणसे शोधायला लांब जावे लागणार नाही.

एक इशारा मात्र गंभीरपणे घ्यावा. बरीच वर्षे रोज पिणाऱ्या माणसाला ‘उद्यापासून बंद’ असे शपथ घालून सांगणे धोक्याचे असते. एकाएकी दारू तोडल्यावर दोन-तीन दिवसांत हातापायांना कंप, झटके, भ्रम होऊ शकतो आणि त्यात जीवही जाऊ शकतो. म्हणून शपथेआधी डॉक्टर. दारू सुटताना पहिले काही दिवस औषधाच्या आधाराने काढावे लागतात आणि तेवढ्या दिवसांची रजा हजेरीपत्रकावर ‘आजारपण’ म्हणूनच लिहावी, त्याहून अधिक काही नको. ते पत्रक टाइमकीपरच्या टेबलावर उघडे पडलेले असते.

परतल्यावर त्यांना लगेच प्रेसवर घेऊ नये. डॉक्टरांचे कामास योग्य असल्याचे प्रमाणपत्र येईपर्यंत तपासणीच्या किंवा स्टोअरच्या कामावर, त्याच पगारात ठेवावे, आणि पहिले काही महिने दर पंधरा दिवसांनी त्यांच्याशी पाच मिनिटे बोलण्याची तारीख आपल्या डायरीत आधीच लिहून ठेवावी. मधे एखाद्या दिवशी ते पुन्हा पिऊन आले, तर तसे होणे अनेकांच्या बाबतीत घडते. त्या दिवशी यंत्र बंद आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा डॉक्टरकडे, असा क्रम त्या पहिल्या लेखी कागदातच नमूद करून त्यावर दोघांच्या सह्या घ्याव्यात.